चाकणच्या बाजारात फ्रेंच दरोडा

चिंचवड स्टेशनावर मला घ्यायला आलेला भाचा तोंडातून शब्द काढेना, तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. कराडहून पुण्यापर्यंत एसटी, पुढे लोणावळ्याची लोकल, अंग नुसतं आंबून गेलेलं. आणि हा वसंता समोर उभा. भर चैत्रात गुडघ्यापर्यंत रेनकोट, आणि चेहरा असा की कुणी धुऊन दोरीवर वाळत घातलाय.

"अरे, तुझी आई बरी आहे ना?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळेना. मी फलाटावरच बसकण मारली, तेव्हा कुठे म्हणाला, "मावशी, आई ठणठणीत आहे. मी संयमाची तालीम करतोय."

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. वसंता आकुर्डीला एका कारखान्यात फिटर होता. पुण्यातल्या कुठल्याशा चित्रपट मंडळात त्यानं एक फ्रेंच चोरांचा सिनेमा पाहिला आणि त्याला त्या चोरांनी झपाटलं. टांग्यात बसल्यावर त्याची वाचा फुटली ती काळेवाडी येईपर्यंत थांबली नाही.

"ते बोलत नाहीत गं मावशी! दरोडा घालतात, दगा देतात, मरतातसुद्धा, पण हूं नाही की चूं नाही. फार झालं तर हॅट सरळ करतात."

"मग कळतं कसं काय चाललंय ते?"

"तेच तर! आणि आपल्या सिनेमावाल्यांनी त्याचीच नक्कल काढली, तर त्यात चोराला आजारी आई, आंधळी बहीण, आणि तिजोरी फोडताना गाणं. तिजोरी फोडताना, मावशी! शेजारी जागे होणार नाहीत?"

टांगेवाल्यानं मागे वळून विचारलं, "गाणं कुठलं व्हतं, राव?"

तर वसंतानं ठरवलं होतं की त्या सिनेमाचं नाटक आपण काढायचं, अगदी संयत. कारखान्याच्या नाट्यमंडळाचे प्रमुख अण्णा, मूळचे चाकणचे, त्यांनी अट घातली होती. रविवारी चाकणला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी रंगीत तालीम. लोक शेवटपर्यंत बसले तर कामगारांच्या नाट्यस्पर्धेला हेच नाटक जाईल. उठले, तर दरवर्षीचं ते विनोदी नाटक, ज्यात वसंताला चार वर्षं लुगडं नेसावं लागत होतं. आता कळलं ना, पोराचा जीव कशात अडकला होता?

काळेवाडीला ताईनं, म्हणजे वसंताच्या आईनं, पिठलं-भाकरी आणि कैरीचा ठेचा वाढला. जेवणं होतात न होतात तोच खोलीत तालीम सुरू झाली. तिघे चोर, तिघांनाही कंपनीतले रेनकोट आणि टोप्या, सगळं एकाच मापाचं. कोण कुठला चोर ते पायांवरून ओळखायचं. मुख्य चोर होते रशीदभाई, नाक्यावरचे मेकॅनिक. हात सोन्याचे, पण गिऱ्हाइकाला सगळं सांगत काम करायची सवय. ताईचं लोखंडी कपाट हीच तिजोरी; दार नुसतं लोटलेलं, रशीदभाईंनी पाच मिनिटं खोटी खटपट करून ते उघडायचं.

"हे बघा, इथं गंज चढलाय," रशीदभाई सुरू झाले. "मी काय करतो, आधी तेल..."

"रशीदभाई! सांगायचं नाही!"

"अरे भावा, न सांगता काम केलं तर लोकांना वाटेल मी चोर आहे."

"तुम्ही चोरच आहात!"

"नाटकात, वसंता. नाटकात," रशीदभाई माझ्याकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, माझा काही संशय नाही.

रविवारी टेंपोत कपाट आडवं घातलं, त्यावर चोर बसले आणि मी ड्रायव्हरशेजारी. चाकणच्या रस्त्याला दुतर्फा कांद्याच्या आरणी (कांदा साठवायच्या कुडाच्या चाळी), उन्हात भंडाऱ्याच्या रंगाचे डोंगर. मी ड्रायव्हरला माझ्या तिन्ही बाळंतपणांची हकिगत सांगितली, रस्ता कसा सरला कळलंच नाही. चाकणला उतरून मी आधी पावशेर गोडीशेव घेतली. नाटक कसंही निघो, शेव दगा देत नाही.

शाळेच्या पटांगणात कनात बांधलेली. शे-दीडशे माणसं, पुढच्या रांगेत पागोटेवाली म्हातारी मंडळी. अण्णा माझ्या शेजारी, खांद्यावर उपरणं टाकून. वसंतानं मला बजावलं होतं, "मावशी, तू काही बोलायचं नाहीस." म्हणून मी तोंडात शेव भरून ठेवली.

पडदा सरला. रशीदभाई खुर्चीवर बसले. बसले ते बसलेच. हा वसंताचा लाडका प्रसंग, चोर विचार करतोय. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागून आवाज आला, "इसरला जनू."

"आरं, सांगा की त्येला कुनीतरी!"

"सांगनारं मास्तर झोपलं काय आत?"

एक म्हातारा काठी टेकत उठला, रंगमंचापाशी गेला आणि पाण्याचा तांब्या वर ठेवत म्हणाला, "घाबरू नगंस, बाबा. पानी पी. आठवंल."

रशीदभाई पडले भले माणूस. त्यांनी पाणी घेतलं आणि "शुक्रिया, काका" म्हणाले. विंगेत वसंतानं कपाळ बडवून घेतलेलं मला दिसलं. दोन-तीन बायका पोरं सावरत उठू लागल्या.

तेवढ्यात तिजोरी आली. रशीदभाईंनी दार ओढलं. दार उघडेना. वाटेत खड्ड्यांनी आदळून कुलूप आतल्या आत खरंच बसलं होतं! त्यांनी पुन्हा ओढलं. मग रेनकोटाच्या बाह्या वर केल्या, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, कपाटाला कान लावला. एरवी सांगत सांगत काम करणारा माणूस एकदम गप्प झाला, कारण आता काम खरं होतं, कुलपातला खटका कानानं टिपायचा होता.

आणि बघा, ज्या बाया उठल्या होत्या त्या उभ्याच राहिल्या. खोटं गप्प बसणं त्यांना बघवत नव्हतं, पण अडकलेलं कुलूप कुणाला कळत नाही? पटांगणात माशी घोंघावली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझी शेव दातांखाली वाजायला लागली तर अण्णांनी डोळे वटारले. मग खट्! दार उघडलं, आणि ताईचे कुरडयांचे डबे गडगडत रंगमंचावर आले.

रशीदभाईंनी एक डबा उचलला, बगलेत मारला, टोपी सरळ केली आणि निघून गेले. नाटक तिथं संपत नव्हतं, पण वसंतानं शहाणपणा करून पडदा पाडला. टाळ्यांनी कनात हलली.

वसंता धावत आला. "अण्णा? लोक बसले ना शेवटपर्यंत?"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. चाकणच्या गुरांच्या बाजारात हेडी (गुरांचे दलाल) भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकून, खाली बोटं दाबून सौदा ठरवतात. अण्णा अस्सल हेड्याच्या घरचे. त्यांनी उपरणं वसंताच्या हातावर टाकलं, खाली काहीतरी दाबलं आणि दगडी चेहऱ्यानं वर बघत राहिले.

वसंता कारखान्यातला फिटर. त्याला काय कळणार? पुढच्या रांगेतले म्हातारे माना डोलवत होते, त्यांना न बघताच सगळं समजलेलं.

"म्हणजे हो?"

अण्णांनी पुन्हा दाबलं.

"अण्णा, पाया पडतो, तोंडानं बोला की!"

सगळं पटांगण हसलं. अण्णा म्हणाले, "का रं? संयम पायजे व्हता न्हवं तुला? जा, घिऊन जा स्पर्धेला. पर कुलूप रोज खरंच अडकलं पायजे."

दोन दिवसांनी मी कराडला परतले. एसटीत खिडकीपाशी बसून विचार करत होते, त्या फ्रेंच लोकांच्या गावात गप्प बसलेल्या माणसाला कुणी पाणी विचारत नसेल का? बिचारे. म्हणूनच चोर होत असतील.

घरी पोचले तर हे पाटावर बसलेले. म्हणाले, "कसा झाला प्रवास?"

"फ्रेंचांसारखा सांगू, की आपल्यासारखा?"

"फ्रेंचांसारखा सांग. भूक लागलीय."

मी चिंचवड स्टेशनापासून सुरुवात केली. आमटी दोनदा गरम करावी लागली.