आधी खोड ऐका

"आधी खोड ऐका, मग घर बघा!"

घर बघायला आलेल्या माणसाने एक चप्पल काढलेली असायची, दुसरी पायातच, आणि शेजारच्या मामी दारात हात आडवा करून हे म्हणायच्या. बिचारा तसाच उभा राहायचा.

साताऱ्यात मामींच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये एकच भिंत होती. मामींचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी उन्हात उभं राहून ते घर बांधून घेतलं होतं. नव्वद सालानंतर कधीतरी ते गेले. मुलगा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर, बायकापोरांसह एका खोलीत. साताऱ्याचं घर विकलं तरच तिकडे मोठी जागा घेऊन आईला नेता येणार होतं.

मामींचे वडील बैलांचे व्यापारी. "मारका बैल असला की बा गिऱ्हाइकाला आधी सांगायचा, ह्यो मारतो बरं का. न सांगता इकला आन् कुनाच्या पोटात शिंग घातलं, मंग?" घर विकतानाही मामींचा बाणा तोच.

एक गिऱ्हाईक तर खूश होऊन पेढे आणायच्या गोष्टी करू लागलं होतं. मामींनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं. "पावसाळ्यात ही भीत घाम गाळती. हितं कॅलिंडर उगंच न्हाई लावलेलं." मग आडाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं, तेही सांगून टाकलं. तो गृहस्थ बाहेर येऊन मला हळूच विचारतो, "अहो, यांना विकायचंय ना नक्की?"

"काय की बाई," मी म्हटलं. तुमच्यापासून काय लपवायचं, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझं माहेर लांब. संध्याकाळी भिंतीवरून "च्या टाकलाय गं!" अशी हाक आल्याशिवाय माझा दिवस मावळायचा नाही. मामी गेल्या तर मी काय करणार होते?

मुलगा मात्र मेटाकुटीला आला. रजा काढून आला आणि ओल्या भिंतीला झकास ऑइलपेंट मारून म्हणाला, "आई, आता तू फकस्त गप बस." दुसऱ्याच दिवशी आलेल्या माणसाला मामी म्हणाल्या, "रंग कालच दिलाय माझ्या पोरानं. ओल दिसू नये म्हून." पोरगा तिथंच उभा होता! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

माणूस गेल्यावर तो कळवळून म्हणाला, "तुला यायचंच न्हाई, व्हय ना?"

मामी पायरीवर बसल्या. "यायचंय रं. नातवंडांसाठी जीव तुटतोय माझा. पन मागनं हितं कुनी माझ्या नावानं बोटं मोडली, तर तिथं मला घास जायचा न्हाई."

पोरगा आईशेजारी बसून राहिला.

मग कराडचं एक जोडपं आलं. नवऱ्याने सगळ्या खोडी ऐकल्या, भिंतीला तळहात लावून बघितला. बायको हसून म्हणाली, "सगळं सांगितलंत. आता आम्हाला भ्यायचं कारण नाही." त्यांनी घर घ्यायचं ठरवलं. त्याच दिवशी मामी त्या बाईला परसात घेऊन गेल्या आणि माझ्या भिंतीकडे हात करून बराच वेळ काही सांगत राहिल्या. मी आपली कपडे वाळत घालत होते. वाटलं, सांडपाण्याचं काहीतरी असेल.

टेम्पो आला तेव्हा मामींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. पुढे कुपवाडहून त्यांचे निरोप येत राहिले. आता तेही येत नाहीत. मामीच नाहीत.

पण तेव्हा, नवी माणसं राहायला आली त्या पहिल्याच संध्याकाळी, भिंतीवरून हाक आली, "चहा टाकलाय हो!"

मी धावतच गेले. नवी शेजारीण कप पुढे करत म्हणाली, "मामींनी एक खोड शेवटी सांगितली होती. म्हणाल्या, 'ह्या घराची खरी खोड भिताडाच्या पल्याड हाय. लय जीव लावती. सांजच्याला हाक न्हाई मारली तर तशीच बसती, येकली. तिला सांभाळनार असाल, तरच घ्या घर.'"

मी कप घेतला आणि, काय सांगू, त्या नव्या बाईसमोरच मला रडू फुटलं.