प्रॉडक्शनचा पाचवा माणूस

नाशिकहून बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक काळी पेटी होती आणि पेटीत माझ्यापेक्षा हुशार दिसणारं पिस्तूल होतं. हे मत माझं नाही, बायकोचं आहे. तिने एकदा ते लाल ठिपक्याची काच, फुगीर नळी आणि लांबलचक मॅगझिनसकट पाहिलं आणि म्हणाली, "याला एकट्यालाच पाठवा स्पर्धेला. तुम्ही कशाला धावपळ करता?"

घाबरू नका, पिस्तूल खरं नव्हे. गॅसवर चालतं आणि वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी फेकतं. पण वजन, खटका आणि नियम खऱ्याचेच. प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे एका जागी श्वास रोखून उभं राहायचा खेळ नव्हे. यात पळायचं, वळायचं, खिडकीतून वाकून मारायचं, पळता पळता मॅगझिन बदलायचं. वर डोक्यावर घड्याळ. पन्नाशी ओलांडलेल्या, मोटारपंप विकणाऱ्या माणसाने हा खेळ का निवडावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गुडघ्यांकडेही नाही.

दोन वर्षांपूर्वी पिस्तूल घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने शांतपणे समजावलं होतं. या खेळात पिस्तुलांचे गट असतात, डिव्हिजन म्हणतात त्यांना. प्रॉडक्शन म्हणजे कारखान्यातून निघालं तसं साधं पिस्तूल. नेम धरायला पुढे माशी, मागे खाच, वर काही चढवायचं नाही. स्टँडर्डमध्ये थोडी मोकळीक. ओपनमध्ये वाट्टेल ते लावा. "नवीन आहात, प्रॉडक्शन घ्या. हात बसेल," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि ओपनचं घेतलं. कारण त्याची मूठ लाल होती.

वैजापूर गेलं, लासूर गेलं. कापसाची आणि मक्याची रानं मागे पडली आणि डावीकडे देवगिरीचा किल्ला आला. आत शिरणाऱ्याला गोंधळात पाडण्यासाठीच तो बांधला होता म्हणतात. मला तर सपाट शेडमध्येही गोंधळता येतं, म्हणून मी किल्ल्याकडे आदराने पाहिलं.

क्रांती चौकात उतरलो. रिक्षावाल्याने पेटीकडे पाहिलं.

"क्या है साहब, बाजा?"

"पिस्तूल."

"हौ," (म्हणजे हो) तो म्हणाला, "मैं भी कलेक्टर हूं. बैठो." आणि वाळूजपर्यंत त्याने त्याच्या मेव्हण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. माझ्या पेटीबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

बजाजनगरच्या मागे एका रिकाम्या गोदामात रेंज आहे. ती चालवणारे मुश्ताकभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, खणखणीत आवाजाचे गृहस्थ. स्पर्धेचे मुख्य पंचही तेच. पत्र्याखाली फळ्यांच्या भिंती उभ्या होत्या, पुठ्ठ्याची निशाणं लावणं चाललं होतं. मी ऐटीत पेटी उघडली. लाल मूठ झळकली. मुश्ताकभाईंनी चहा मागवला आणि माझ्याकडे, पिस्तुलाकडे नव्हे, बराच वेळ पाहिलं.

"उस्ताद, एक अडचण आहे," ते म्हणाले. "ओपनमध्ये तुम्हाला धरून आठ जण. प्रॉडक्शनमध्ये चार. एक यायचा होता, त्याला डेंग्यू झाला. पाच भरले नाहीत तर तो गट आम्ही धरत नाही. मग पहिला नंबर नाही, राज्याच्या स्पर्धेला निवड नाही. काही नाही."

"मग?"

"मग ती सुजाता," त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात तिशीची एक बाई क्लबच्या साध्या, घासलेल्या पिस्तुलाने सराव करत होती. ती डावीकडून आली, खिडकीत वाकली, टक टक, वळली, टक टक, मॅगझिन बदललं, टक टक. मी तोंडाशी नेलेला कप तसाच राहिला. मुश्ताकभाई म्हणाले, "सुजाता खरात. इथंच पार्लर चालवते. गेल्या साली चौघंच होते, गट गेला. त्याच्या आदल्या साली तिच्या मुलीला ताप. या साली तयारी आहे, आणि पुन्हा चारच."

सुजाता पिस्तूल म्यानात ठेवून आमच्याकडे आली. मी विचारलं, "हात एवढा स्थिर कसा काय?"

"दिवसभर भुवया कोरते, काका. तिथं हात हलला तर गिऱ्हाईक आयुष्यभर आश्चर्यात राहतं."

ती हसली, पण डोळे माझ्या लाल मुठीवर होते. मुश्ताकभाईंनी मुद्दा मांडला: मी क्लबचं साधं पिस्तूल घेऊन प्रॉडक्शनमध्ये उतरायचं. पाचवा माणूस व्हायचं.

आता खरं सांगतो. मी नाशिकला सगळ्यांना सांगून आलो होतो की ओपनमध्ये आठात पाचवा तरी येईन. म्हणून मी म्हटलं, "विचार करतो." सुजाता म्हणाली, "करा की. घाई नाय." आणि ती पुन्हा सरावाला गेली. ती विनवण्या करती तर मला नकार देणं सोपं गेलं असतं.

विचाराला अर्धा कप चहा पुरला. "चालेल," मी म्हटलं. "पण मी शेवटचा येईन."

"या की," सुजाता लांबूनच म्हणाली. "काका, तुम्ही फक्त बाद होऊ नका. बाकी माझं मी बघते."

मुश्ताकभाईंनी मग बजावलं. मॅगझिनमध्ये पंधराच गोळ्या. सोळावी निघाली तर नियमाने मला उचलून ओपनमध्ये टाकावं लागेल आणि गट मोडेल. पिस्तुलाचं तोंड निशाणांकडेच. मागे वळलं, हातातून पडलं, की थेट बाहेर. "माझी सख्खी आई असती तरी बाहेर काढली असती," ते म्हणाले आणि मला त्यावर पूर्ण विश्वास बसला.

माझा ओपनचा पट्टा प्रॉडक्शनमध्ये चालत नव्हता, त्यातलं म्यान फार खाली लोंबतं. क्लबचं साधं म्यान मिळालं, पण ते घालायला साधा, जाड पट्टा हवा. तो घ्यायला संध्याकाळी मुश्ताकभाईंनी मला स्कूटरवरून शहागंजात नेलं. आधी पोटोबा, असं ठरलं. एका जुन्या खानावळीत नान-कलिया आला. (कलिया म्हणजे मटणाचा तांबडा, पातळ रस्सा. नान एवढा मोठा की ताट दिसत नाही.) मी पहिला नान संपवला, दुसऱ्याच्या वेळी मुश्ताकभाईंनी भुवई उचलली, तिसरा मी त्यांच्या मनाविरुद्ध खाल्ला. रस्सा शेवटी वाटीतून प्यालो.

मग पट्टेवाल्याच्या गाड्यावर गेलो. त्याने माझ्या कमरेला पट्टा गुंडाळला, पोटाकडे पाहिलं.

"साहब, क्या खाके आए?"

"नान-कलिया."

"फिर कल आओ. खाली पेट माप देते हैं."

"कल मॅच है. अभी करो."

"एक छेद अंदर का भी मारके देता हूं. कल काम आएगा."

"नक्को," मी त्याच्याच भाषेत ऐट केली. आतलं भोक म्हणजे मी बारीक दिसणार, आणि बारीक दिसायची माझी इच्छा होतीच. पण त्या क्षणी पट्टा आणखी आवळणं शक्यच नव्हतं. त्याने मुश्ताकभाईंकडे पाहिलं. मुश्ताकभाईंनी आकाशाकडे पाहिलं.

सकाळी भीतीने पोटात चहाशिवाय काही गेलं नाही. पट्टा जरा सैल वाटला. मी म्हटलं, चला, हवा खेळती राहील.

पहिल्या टप्प्याला उभा राहिलो. घड्याळाची शिट्टी वाजायच्या आधी सवयीने मॅगझिन दाबून पाहिलं आणि लक्षात आलं की मी ते तुडुंब भरलंय. ओपनमध्ये भरतो तसं. मी हात वर केला. "थांबा." बाजूला होऊन सगळ्या गोळ्या काढल्या आणि पंधरा मोजून घालू लागलो. घाई करायला गेलो. निम्म्या गोळ्या फरशीवर गेल्या आणि साबुदाण्यासारख्या शेडभर पसरल्या. सुजाता माझ्यामागे उभी होती. तिने वाकून चार गोळ्या उचलून दिल्या आणि हळूच म्हणाली, "नीट मोजा, काका. मी पार्लर बंद ठेवून आलेय."

शिट्टी वाजली. पिस्तूल वर केलं आणि लाल ठिपका शोधू लागलो. ठिपका नव्हता. दोन वर्षं माझ्यासाठी नेम धरणारा ठिपका क्लबच्या पिस्तुलावर कुठून असणार? पंचांच्या घड्याळात वेळ चाललाय आणि मी हवेत काहीतरी हरवल्यासारखा बघतोय. शेवटी माशी सापडली. खाचेत बसवली. मारली. गोळी पुठ्ठ्याला लागली. आयुष्यात पहिल्यांदा नेम माझा होता, आणि मला तो चक्क आवडला.

दुसऱ्या, तिसऱ्या टप्प्यात मी सावकाश, बैलाच्या चालीने, पण नियमात होतो. सुजाता मात्र वाऱ्यासारखी गेली. चारही टप्पे संपवून प्रॉडक्शनच्या पाचांत ती पुढे होती, आणि चौथा, शेवटचा टप्पा मी पुरा केला की सगळं तिच्या पदरात पडणार होतं. मी पुरा केला तर.

चौथ्या टप्प्यात शेवटच्या भिंतीपर्यंत पळायचं होतं. पळालो. पिस्तुलाचं तोंड पुढे, बोट खटक्याबाहेर, सगळं शिस्तीत. पण कमरेवर म्यान, दोन मॅगझिनची पाकिटं, आणि आत रिकामं पोट. पट्ट्याने विजारीला सोबत घेतलं आणि दोघं खाली निघाले.

डावा हात झटकन विजारीवर. उजव्या हाताने शेवटची दोन निशाणं मारली. एक लागलं, एक भिंतीला. तेवढ्यात मुश्ताकभाईंचा आवाज आला, नेहमीचाच, जराही न बदललेला: "संपलं असेल तर खाली करून दाखवा."

आता पिस्तूल रिकामं करायला दोन हात लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने मॅगझिन काढायचं, वरचा सरकता भाग मागे ओढून आत काही नाही हे पंचाला दाखवायचं. माझ्याकडे दोन हात होते, पण त्यातला एक इज्जत सांभाळत होता. एका हाताने खटपट करावी तर पिस्तूल निसटणार, आणि पडलं की बाहेर. मला पार्लरचं बंद दार दिसलं.

मी विजार सोडली.

निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चड्डीत उभा राहून मी मॅगझिन काढलं. वरचा भाग मागे ओढला. दाखवलं. पिस्तूल म्यानात घालायचं, तर म्यान घोट्याशी. "हलू नका," मुश्ताकभाई म्हणाले. पिस्तुलाची पिशवी घेऊन सुजाता पुढे आली, चेहरा दगडासारखा. मी मुश्ताकभाईंच्या देखरेखीत पिस्तूल पिशवीत घातलं, चेन ओढली.

एवढा वेळ त्या शेडमध्ये कुणी हसलं नाही. वीसेक माणसं, पण खोकल्याचाही आवाज नाही. पिस्तूल बाहेर असेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही, मारणाऱ्याचं लक्ष मोडायचं नाही, ही इथली रीत. आणि ती सगळ्यांनी ओठ चावून पाळली.

मग मुश्ताकभाई म्हणाले, "रेंज मोकळी."

पत्रे उडतील असं हसले लोक. मुश्ताकभाई भिंतीला धरून खाली बसले. सुजाता तर पिशवी छातीशी धरून रडायलाच लागली, आणि त्यातलं किती हसू होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"काका," ती डोळे पुसत म्हणाली, "गट भरला हो."

तिचा पहिला नंबर, माझा पाचवा. पाच जणांत. राज्याच्या स्पर्धेला ती जाणार. बसवर सोडायला ती आली तेव्हा माझा पट्टा तिने शहागंजातल्या पट्टेवाल्याकडून परत आणला होता, आत दोन भोकं जास्त पाडून. "त्यांनी पैसे नाय घेतले," ती म्हणाली. "म्हणाले, साहब को बोलो, मैंने बोला था."

परतीला देवगिरी उजवीकडून गेला. पेटी पायाशी ठेवली होती, मांडीवर नाही. मी विचार करत होतो की नाशिकला गेल्यावर लाल मूठ विकून एक साधं पिस्तूल घ्यावं, माशी आणि खाच असलेलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, शर्यतीत नंबर पुढच्या माणसांमुळे मोजले जातात. मागे कुणीतरी उभं राहिल्याशिवाय पुढचं मोजताच येत नाही, हे वाळूजच्या शेडमध्ये चड्डीवर उभं राहून कळलं. अशा गोष्टी माणसाला उभ्याने कळल्या तरी पुष्कळ.

बायकोने दार उघडलं. "कितवे आलात?"

"पाचवा."

"वा. किती जणांत?"

"पाचच लागतात," मी म्हटलं आणि कमरेचा पट्टा एक भोक आत घेतला.