शनिवारची हवा

हिल्का पोन्टिनेनने ते यंत्र विकत घेतलं तेव्हा आमच्या तळ्याकाठी दोन तट पडले. एक म्हणायचा, बाई वेडी झाली. दुसरा म्हणायचा, ती आधीपासूनच होती. मी दुसऱ्या तटात होतो आणि तिच्याच यंत्राची हवा घेऊन पाण्याखाली जाणार होतो, तेव्हा माझ्या अकलेबद्दल काय ते तुम्हीच ठरवा.

यंत्र म्हणजे डुबकीची सिलिंडरं भरायचा कॉम्प्रेसर. विजेवर चालणारा, हिरवा रंग उडालेला, दोन माणसांनी उचलताना तिसऱ्याने शिव्या द्याव्यात इतका जड. तो एन्सियोचा होता. एन्सियो पलीकडच्या काठावरचा सुतार आणि हिल्काचा पाण्यातला जुना जोडीदार. आदल्या हिवाळ्यात तो बर्फाखाली गेला आणि वर आला नाही. बर्फाखाली जाणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधतात, दुसरं टोक वर कुणाच्या तरी हातात असतं. त्या दिवशी ते हिल्काच्या हातात होतं. गाठही तिनेच मारली होती. तिने दोर ओढला तर नुसता दोर आला. एन्सियो सापडला तो वसंतात, बर्फ वितळल्यावर. तोवर डॉक्टरला सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

हिल्काला तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. आमच्याकडे तोंडावर कोणी हवामानाबद्दलही बोलत नाही. पण ती दुकानात शिरली की बुटाची नाडी बांधायला वाकलेला माणूस नाडी तशीच सुटी ठेवून उठायचा, तिच्यासमोर गाठ मारायला नको म्हणून. हिल्काने स्वतःच्या होडीला दोराऐवजी साखळी आणि कुलूप लावलं.

एन्सियोच्या बायकोने, माइरेने, यंत्र विकायला काढलं तेव्हा कोणी हात लावेना. बाधलेलं आहे म्हणाले. हिल्काने मात्र सरळ गाडीत घातलं.

"कशाला घेतलंस?" मी विचारलं.

"उघडून बघायला."

"आत कोण आहे?"

"ओस्मो, पाना दे आणि तोंड बंद ठेव."

हिल्का कागद गिरणीत फिटर होती, त्यामुळे कामात घाई नाही. सगळं जुनं तेल काढून तिने पांढऱ्या कपड्यावर ओतलं आणि ज्योतिषी पत्रिका बघतो तसं बघत बसली. नवं तेल घातलं ते खास श्वासाच्या यंत्राचं. "मोपेडचं चालत नाही का?" असं मी गमतीने विचारलं, तर "तुझ्या सिलिंडरला घालू, तुला फरक कळणार नाही," म्हणाली. रबरी नळ्या बदलल्या. दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप शहरात पाठवून तपासून आणली. हवा गाळायच्या नळकांड्यात नवा कोळसा भरला. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवली. माझी बाही त्यात जाता जाता राहिली होती, तेव्हा जाळी पाहून मी मनापासून आभार मानले.

चालवून बंद केलं की यंत्रात साठलेलं पाणी काढायला एक नळ उघडावा लागतो. तेव्हा आतला दाब एक लांब उसासा टाकत बाहेर येतो. पहिल्यांदा तो आवाज आला तशी हिल्काच्या हातातला पाना खाली पडला.

"कॉफी संपली की एन्सियो असाच करायचा," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्या शेडमध्ये एकटा जायचं टाळलं. भुतावर माझा विश्वास नाही. पण त्यांचा माझ्यावर असू शकतो.

शेवटची तपासणी विषारी वायूची. त्यासाठी काचेची एक बारीक नळी मिळते, आत पिवळे दाणे. त्यातून हवा सोडायची. दाणे काळपट पडले तर ती हवा माणसाने घेऊ नये. आठवडाभर हिल्काने नळ्यांमागून नळ्या तपासल्या. सगळ्या पिवळ्याधमक.

"झालं की! उत्तम चालतंय," मी म्हणालो.

तिचा चेहरा मात्र उतरत चालला होता. "यंत्र चांगलं निघालं," ती म्हणाली, "की मग उरलं कोण?"



शनिवारी मी माझं सिलिंडर घेऊन हिल्काच्या शेडवर गेलो. आमच्या काठावर सिलिंडरं शनिवारीच भरतात. त्याच दुपारी सौना, म्हणजे बसून घाम काढायची लाकडी खोली, तापत असते. जुन्या पद्धतीची, चिमणी नसलेली. दुपारभर लाकडं जाळायची, धूर झरोक्यातून जाऊ द्यायचा, आग विझली की आत जाऊन बसायचं. तेवढ्या वेळात इकडे सिलिंडरंही भरून होतात. असं सगळेच करतात, म्हणून कोणी त्याचा विचार करत नाही.

हिल्काकडची सौना तापवायला माइरे यायची. एन्सियो गेल्यावर तिने आपली बंद केली होती. तिच्यासारखी सौना तळ्याकाठी कोणाला तापवता येत नव्हती. दोघी लाकडांबद्दल बोलायच्या, कॉफीबद्दल बोलायच्या. दोराबद्दल कधीच नाही.

माझं सिलिंडर भरून मी गाडीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तळ्यात बुडालेली, पूर्वी डांबर वाहून नेणारी जुनी होडी बघायला जायचं होतं.

"आण ते परत," हिल्का म्हणाली. "एक डबी उरलीय नळ्यांची."

"अगं, किती तपासशील? यंत्राला लाज वाटेल आता."

तिने नळी लावली, हवा सोडली. दाणे काळपट पडले.

तिने नवी नळी घेतली, दुसरं सिलिंडर घेतलं. तेही काळपट. मी थोडी हवा नाकाशी सोडून पाहिली. हिवाळ्यातल्या सकाळसारखी स्वच्छ, कसलाही वास नाही.

"वास कोळसा खातो," ती हळूच म्हणाली. "विष नाही खात."

मग तिने वर पाहिलं. हवा आत ओढणारा पाइप तळ्याकडच्या भिंतीवर, वळचणीखाली होता. रस्त्यापासून लांब, सगळ्यात चांगली हवा तिथली. सगळ्यांचे पाइप तिथेच असतात. वारा पडला होता. सौनाच्या झरोक्यातून निघालेला धूर वर जात नव्हता. तो भिंतीला टेकून, मांजरासारखा, पाइपाच्या तोंडाशी बसला होता.

दारात माइरे उभी होती. कोपरापर्यंत काजळी.

"काय झालं?"

"काही नाही," हिल्का म्हणाली. "नळ्या जुन्या आहेत. तारीख उलटलीय."

हिल्काला खोटं बोलता येत नाही. गिरणीत सवय लागली नाही.

माइरेने तिच्या हातातली नळी घेतली, उजेडात धरली. मग पाइपाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"एन्सियो शनिवारी भरायचा," ती म्हणाली.

"माइरे, नको."

"मी तापवत असायचे. तो शेडमधून ओरडायचा, जास्त लाकडं टाक म्हणून." तिने नळी हिल्काला परत दिली. "या हवेने काय होतं माणसाला?"

उत्तर मी दिलं. डोकं जड होतं, म्हणालो. खोल गेल्यावर आणखी. मग वर कुठलं, खाली कुठलं, कळत नाही. आपण काय करतोय तेही कळत नाही.

"म्हणजे दोर त्यानेच सोडला असेल."

"कोणी सांगावं," हिल्का म्हणाली.

"मी सांगते. तुझी गाठ सुटत नाही. मला माहीत होतं." माइरे खाली ओंडक्यावर बसली. "मला माहीत होतं, तरी मी वर्षभर तुझ्या हातांकडे बघत होते."

आम्ही सिलिंडरं तळ्याकडे तोंड करून उघडली. ती सगळी हवा फुसफुसत बाहेर गेली आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सौना तापलेली होती, पण त्या दिवशी आत कोणी गेलं नाही. आमच्याकडे हे मोडलेल्या लग्नासारखं आहे.

सोमवारी दुकानात गर्दी असताना माइरे काउंटरशी गेली आणि आमच्याकडे कोणी बोलत नाही इतक्या मोठ्याने बोलली. "शनिवारी कोणी सिलिंडर भरू नका. मी सौना तापवली आणि एन्सियोने तीच हवा भरली. हिल्काचा त्यात काही हात नाही." मग दुधाचे पैसे दिले आणि गेली. दोन बाप्ये सामान काउंटरवर तसंच टाकून घराकडे पळाले. त्यांचे पाइप कुठे आहेत ते मला माहीत होतं.

हिल्काने आपला पाइप खांबावर चढवून रस्त्यापलीकडे नेला. आता ती मंगळवारी भरते, आजूबाजूला कुठे धूर नाही हे बघून, आणि दरवेळी नळी लावते. यंत्र बिनतक्रार चालतं. उसासा अजून टाकतं, त्याला औषध नाही.

मध्यंतरी मी तिला विचारलं, आता हलकं वाटतं का.

"हलकं?" ती म्हणाली. "आधी मला एकटीला झोप नव्हती. आता दोघींना नाही. म्हणून ती इकडे येते आणि मग आम्ही कॉफी करतो."