एकही जोड गळला नाही

आमच्या माशांच्या टाकीच्या एकाही जोडातून आजपर्यंत पाण्याचा थेंब गळालेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये सोफ्याखालच्या चपला पोहत बाहेर आल्या होत्या, आणि तेवढ्यावरून लोक भलतंच समजतात.

मी शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं माझ्या नोकरीचं वर्णन माझी बायको शुभांगी करते. असा माणूस घरात माशांची टाकी बसवणार म्हटल्यावर ती साधी कशी असणार? वर काचेची मोठी टाकी, खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी नळीतून खाली उतरायचं, तिथं गाळून स्वच्छ व्हायचं आणि मोटर ते पुन्हा वर चढवायची. यात खालची टाकी मुद्दाम अर्धी रिकामी ठेवावी लागते. लाईट गेली की मोटर थांबते आणि वरचं जास्तीचं पाणी सगळं खाली येतं. त्याला जागा नको?

"माणसाला प्यायला नाय, अन् मासळीला पोहायला व्हय?" हे आईचं मत. आई मूळची करमाडकडची. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ते येतं तेव्हा पाहुण्यासारखं येतं, उशिरा येतं आणि नीट बसायच्या आत निघून जातं.

शुभांगीचं मत वेगळं होतं. तिला त्या जागी काचेचं शोकेस हवं होतं.

पण खरी अडचण होती खालच्या मजल्यावरच्या पाठक काकांची. काका ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांनी नुकतंच हॉलला पीओपीचं छत करून घेतलं होतं, मधोमध मोठं कमळ, कमळात दिवे. ते कमळ बरोबर आमच्या टाकीच्या खाली येत होतं. टाकी बसतेय हे कळताच काका वर आले आणि बराच वेळ आमच्या फरशीकडं बघत उभे राहिले.

"दत्तात्रय, पाणी आहे हे. ते वाट शोधतं."

मला चेव आला. "काका, शब्द देतो. एक थेंब जरी तुमच्याकडं खाली आला ना, तर त्याच दिवशी टाकी काढून देऊन टाकीन. मासे, मोटर सगळ्यासकट."

"मी ऐकलंय हं काका," शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली. इतक्या आनंदानं ती एरवी साक्ष देत नाही.

झालं. आता गळती थांबवणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला. शहागंजातल्या दुकानात जाऊन मी प्रत्येक एल्बो, प्रत्येक सॉकेट उजेडात धरून तपासला. दुकानदार वैतागला. "भाई, पाईप है ये, बहू नै. कित्ता देखते?" पण मी दाद दिली नाही. घरी आल्यावर नळ्यांची टोकं घासली, पुसली, सोल्युशन लावलं, जोड दाबून धरले. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेनं गुंडाळली. (उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती सुटते. हे मी घरात प्रत्येकाला दोनदोनदा सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.) मग टाकी भरून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवला. कितीतरी दिवस तो भिजला नाही. आईनं त्यातलं राशिभविष्य वाचलं, शुभांगीनं साड्यांच्या सेलची जाहिरात वाचली, पण पाण्याचा डाग कुणाला दिसला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी आधी जोड दाखवायचो, मग मासे. शेवटी पाहुणे यायचे कमी झाले.

आणि मग तो पाण्याचा दिवस आला.

पाण्याच्या दिवशी आमच्या शहरात कुठल्याही बाईला रिकामं भांडं बघवत नाही. ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या तर भरतातच, पण कुकर, पुरणाचं पातेलं, डबे, माझी कंपनीची पाण्याची बाटली आणि एकदा तर बक्षीस मिळालेला कपसुद्धा भरून ठेवलेला मी पाहिला आहे. त्यात आणखी एक रीत असते. नवं पाणी आलं की ड्रममधलं आधीचं पाणी शिळं होतं. ते काढून ताजं भरायचं. पण शिळं झालं तरी पाणीच ते, फेकायचं कसं? लादी पुसून झाली, झाडांना घालून झालं, तरी ड्रममध्ये बरंच उरलं. आई ते घेऊन घरभर जागा शोधत फिरत होती. (हे सगळं मला मागून कळलं. मी तेव्हा कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढत होतो.)

दुपारी घरी आलो. हातात चहा घेऊन टाकीसमोर बसलो. मासे मजेत होते. जोड कोरडे होते. नेहमी खाली पाणी पडल्याचा खळखळ आवाज यायचा, तो आज जवळजवळ नव्हताच. मला वाटलं, वा, सेटिंग बसलं आता. त्या समाधानात दुसरा घोट घेतला आणि लाईट गेली.

मोटर थांबली. कपाटाच्या दाराखालून पाण्याची एक बारीक रेघ बाहेर आली. मग रेघ रुंद झाली. मग सोफ्याखालून चप्पल आली.

मी कप टाकून कपाटाकडं धावलो आणि पहिल्या जोडाला टिश्यू पेपर लावला. कोरडा. दुसऱ्याला लावला. कोरडा. तिसऱ्याला नळीमागं हात घालून लावला. ठणठणीत कोरडा.

"जोड कोरडा आहे," मी जाहीर केलं.

"जोड असू दे कोरडा," शुभांगी म्हणाली, "माझे पाय ओले आहेत."

"अगं पण गळतच नाहीये कुठं."

"मग हे काय, माशांना घाम आलाय?"

तेवढ्यात आई आली. खाली बघितलं, कपाटाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "जास्त झालं वाटतं."

"काय जास्त झालं?"

"ती खालची टाकी. एवढी थोरली टाकी अन् अर्धी मोकळी. तुझं ध्यानच नाय घरात. मी ड्रमातलं शिळं पाणी वतून काठोकाठ भरली. म्हनलं, मासळीला काय ताजं अन् शिळं."

मी मटकन बसलो. (पाण्यातच.) डोळ्यासमोर खालचं कमळ आलं. कमळातून टपटपणारं पाणी आलं. टाकी घेऊन जायला आलेला माणूस आला. नंतर तिथं शोकेस आलं, आणि त्यात शुभांगीच्या भावानं दिलेली बाहुलीसुद्धा आली.

"बादली आण," मी ओरडलो.

"कुठली बादली?" शुभांगी म्हणाली. आणि तेव्हा आम्हाला परिस्थितीचा अंदाज आला. पाण्याचा दिवस. घरात एकही भांडं रिकामं नव्हतं. एकही. चहाच्या गाळणीखालची वाटीसुद्धा भरलेली होती.

"एक बादली मोरीत ओतून दे," मी म्हणालो.

"नळाचं ताजं पाणी?" आई दारात आडवी उभी राहिली. "डोस्कं फिरलं का तुझं? पुन्हा कवा येईल त्याचा पत्ता नाय."

मी आईशी वाद घालत होतो तोवर तिनंच आतून गोधड्या आणल्या आणि फरशीवर धडाधड टाकल्या. मी त्यावर गुडघे टेकून पाणी दाबत बसलो. शुभांगी रिकाम्या भांड्याच्या शोधात बाहेर गेली, आणि शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप बघून थेट पाठक काकांकडं उतरली. मला आधी विचारलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

"काका, एखादी रिकामी बादली मिळेल?"

"आज? रिकामी?" काकांनी तिच्या ओल्या साडीकडं बघितलं. "काय झालंय?"

"काही नाही, जरा पाणी जास्त झालंय."

आमच्या शहरात 'पाणी जास्त झालंय' हे वाक्य कुणी बोलत नाही. काकांना संशय आला नसता तरच नवल. त्यांच्या घरात एकच भांडं रिकामं होतं, त्यांच्या आईचं तांब्याचं घंगाळ, शोभेला ठेवलेलं. त्यातली प्लॅस्टिकची फुलं काढून ते स्वतः घंगाळ घेऊन वर आले. ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं. मी गोधडीवर पालथा, हातात टिश्यू पेपर.

"जोड कोरडे आहेत काका," मी म्हणालो.

काकांनी घंगाळ ठेवलं, धोतर खोचलं आणि गोधडीचं दुसरं टोक पकडलं. आम्ही पिळत गेलो. कपाटातून पाणी यायचं थांबलं. घंगाळ भरलं. मग काका खाली गेले, छत बघायला.

आम्ही तिघं जिन्यात उभे राहिलो. खालून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काका वर चढून एकेका पाकळीला हात लावत असणार. मी आयुष्यात दहावीच्या निकालाचीसुद्धा अशी वाट बघितली नव्हती. शुभांगीनं माझा हात घट्ट धरला होता. शोकेस हवं असलेल्या बाईनं.

"कोरडं आहे," काका खालून म्हणाले.

मी तिथंच पायरीवर बसलो आणि हसायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या दिवशी तेवढं कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. आईच्या गोधड्यांनी सगळं पाणी पिऊन घेतलं होतं.

काका परत वर आले ते घंगाळ न्यायला. मी म्हणालो, "थांबा, मोरीत ओतून देतो."

"ओतता कशाला? माशांचं पाणी गुलाबांना चांगलं म्हणतात," असं म्हणून काका भरलेलं घंगाळ सावरत, जिनाभर पाणी सांडत, खाली त्यांच्या घरात घेऊन गेले.

"एक थेंब खाली गेला तर टाकी काढणार होतात ना?" शुभांगी म्हणाली. "घंगाळभर गेलं."

पण ती हसत होती, त्यामुळं टाकी राहिली. मासेही सुखरूप आहेत. जोड तर काय, आहेतच. फक्त त्या सगळ्या प्लंबिंगला आता एक फिटिंग वाढलंय. पाण्याच्या दिवशी मी रजा टाकतो आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसतो, आणि आई हातात शिळ्या पाण्याची कळशी घेऊन समोर उभी असते.

"सरक की रं जरा. तांब्याभरच वतते."