सुई काय म्हणती?

पेवाचं तोंड उघडलं की मामा सगळ्यांना मागं सारायचे, स्वतः काठावर उकिडवे बसायचे आणि पेवाच्या तोंडावर तळहात धरून राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. हमाल कंटाळून लांब जाऊन विड्या ओढायचे, ट्रकवाला हॉर्न वाजवायचा, पण मामांचा हात काही हलायचा नाही. "दम धरा गड्यांनो," एवढंच म्हणायचे, "शिळा वारा जाऊ द्या. अजून जागं झालं न्हाई." मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला की त्या दिवशीचं काम बंद. खुद्द मालक येऊन उभे राहिले तरी बंद.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. हळद साठवायला जमिनीत खणलेले हे मोठे खड्डे. वीस-बावीस फूट खोल, आणि तोंड मात्र एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. तळाला आणि कडेनं पाचट लावायचं, हळद भरायची आणि वरून माती लिंपून टाकायची. हळद आत दोन-तीन वर्षं सुखानं राहते. पण कोंडलेली हवा विषारी होते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

सत्तरच्या सुमाराला मी सांगलीच्या एका पेढीवर कारकून म्हणून लागलो, तिची अशी शंभरावर पेवं होती. वरून बघाल तर नुसतं मोकळं रान. कुठं पाटी नाही, नंबर नाही. कोणत्या पेवात कोणाची हळद, कुठल्या साली भरली, कडेचं पाचट कधी बदललं, हे सगळं एकट्या मामांच्या डोक्यात. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते मी रोज लिहायचो आणि तरी कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

मामा मूळचे जतकडचे, घरची मेंढरं होती. एवढं सगळं ध्यानात कसं राहतं, असं मी एकदा विचारलं. "आवं दिवाणजी, मेंढरं मोजत न्हाईत, वळखत्यात," ते म्हणाले. पेवांना त्यांनी नावं ठेवली होती. एक लंगडं. एक जावई, कारण त्याला कितीही पाचट घाला, कमीच पडायचं. आणि कोपऱ्यातलं एक कुंभकर्ण. त्याचा तळ वाकडा होता, वारा तिथं दडून बसायचा, म्हणून ते उशिरा जागं व्हायचं.

मग एका हंगामात मामा तापानं पंधरा दिवस अंथरुणाला खिळले आणि पेढी आंधळी झाली. व्यापारी दारात, ट्रक उभे, आणि माल कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नाही. मुकादमानं अंदाजानं दोन पेवं उघडली, दोन्ही दुसऱ्याचीच निघाली. तेव्हा धाकटे मालक, जे नुकतेच मुंबईहून शिकून आले होते, म्हणाले, "एका माणसाच्या तापावर धंदा चालवायचा का?" आता त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळवळते, पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं.

त्यांनी मुंबईहून कार्डं आणली. जाड, पोस्टकार्डाच्या दुप्पट, चारी कडांना भोकं पाडलेली. एका पेवाला एक कार्ड. एक भोक राजापुरी हळदीचं, एक कडप्याच्या हळदीचं, एक सालाचं, एक पेव उघडल्याचं, असं प्रत्येकाचं ठरलेलं. कंडक्टरच्या चिमट्यासारख्या चिमट्यानं त्या भोकाची कड तोडायची. मग सगळा गठ्ठा जुळवून हव्या त्या भोकातून लांब सुई घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. कड तोडलेली कार्डं खाली गळतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. सुई म्हणजे मालकीणबाईंची स्वेटर विणायची. मी तर हरखूनच गेलो. दोन महिने घरी दुसरं बोलणं नव्हतं, बायको कंटाळली.

कार्डं भरायला मी मामांना घेऊन रानभर हिंडलो. ते सांगायचे, मी लिहायचो. कुंभकर्णापाशी ते म्हणाले, "ह्येला दोन दिस द्यायचे. लिवा."

मी कार्ड उलटसुलट पाहिलं. "त्याला भोक नाही, मामा."

"मग पाडा की."

मी धाकट्या मालकांना विचारलं. ते हसले. एका पेवापायी शंभर कार्डांना नवं भोक कशाला, म्हणाले. उलट त्यांनी एक नियम टाइप करून भिंतीवर लावला : पेव उघडून पूर्ण दिवस झाला असेल तर कंदिलात वेळ घालवू नये. मामांनी मला तो वाचून दाखवायला लावला आणि निघून गेले. कंदील ते सोडतच राहिले.

पहिल्या वर्षी मामा आणि सुई यांची रोज शर्यत लागायची. मी गठ्ठा जुळवेपर्यंत मामांचं उत्तर तयार असायचं. हमालांना मोठी मौज वाटायची. पण एके दिवशी मुंबईच्या व्यापाऱ्यासमोर मामा म्हणाले, माल लंगड्यात आहे. सुई म्हणाली, जावयात. मामांनी हट्टानं लंगडं उघडायला लावलं. आत नुसतं पाचट. हळद काही महिन्यांपूर्वीच काढली होती, त्यांनी स्वतः काढली होती, आणि ते विसरले होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मामांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. पेवाच्या तोंडावर हात धरून बसणं कमी झालं. सकाळी सायकल टेकवून ते आधी पेढीवर यायचे, दारातच उभे राहून विचारायचे, "सुई काय म्हणती?" मी सांगायचो, ते मान हलवायचे आणि जायचे. मला ते आवडायचं, लपवत नाही. चाळीस वर्षं पेवांत घालवलेला जाणता माणूस रोज सकाळी माझ्या टेबलापुढं उभा राहत होता.

आता माझी गोष्ट. पेव उघडण्याची चिठ्ठी मुकादमाकडं गेली की मी लगेच कार्डाची कड तोडून तारीख घालायचो. पेव खरंच उघडलं का, हे संध्याकाळी विचारून मग तोडायचं, असं शिकवलेलं होतं. पण संध्याकाळी मालकांना गठ्ठा तयार लागायचा. आणि चिठ्ठी गेली म्हणजे पेव उघडणारच, त्यात काय मोठंसं? दोन वर्षं असंच चाललं, कधी काही बिघडलं नाही.

मामा भाचीच्या लग्नाला जतला गेले होते. ते नसताना कुंभकर्णाची चिठ्ठी गेली आणि मी कड तोडली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही हमाल गावच्या जत्रेला गेलेले, हे मला नंतर कळलं. पेव उघडलं तिसऱ्या दिवशी सकाळी. मुकादमानं तोंड मोकळं करून ठेवलं आणि माणसं घेऊन रानाच्या पलीकडच्या टोकाला दुसरा ट्रक भरायला गेला. त्याच सकाळी मामा परतले.

"सुई काय म्हणती?"

"कुंभकर्ण परवाच उघडलंय. दोन दिवस झाले, मामा." ते दोन दिवस माझ्या ध्यानात होते, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

"मग जागं झालं आसंल," ते म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकली.

कुंभकर्णापाशी उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर नंतर सांगत होता. "मी म्हटलं, कंदील आणू का? तर म्हनले, नगं, दिवाणजींनी बगितलंय."

मामा उतरल्यावर त्यानं मारलेल्या हाकेला आतून ओ आली नाही, तेव्हा तो माणसं बोलवायला धावला. बऱ्याच वेळानं मामांना दोरानं वर काढलं, तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

दुपारी पोलीस यायच्या आधी धाकटे मालक माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक. "कार्ड नीट करा," म्हणाले. तोडलेली कड सांधता येत नाही, म्हणून मी नवं कार्ड घेतलं. सगळी भोकं पहिल्यासारखी तोडली आणि उघडल्याची तारीख त्या दिवशीची घातली. म्हणजे खरीच तारीख घातली. पंचनाम्यात आलं की पेव त्याच सकाळी उघडलेलं असताना मयत इसम कंदील न सोडता स्वतःच्या निष्काळजीपणानं उतरला. त्या कार्डाखाली मी नेहमीसारखी सही केली, हे मला आजही सहन होत नाही.

मामांचे दिवस झाल्यावर मामी पेढीवर आल्या. पायरीवरच बसल्या, आत यायला तयार होईनात.

"दिवाणजी, येक इचारायचं हुतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं कंदिलाबिगर पाय टाकला न्हाई त्येंनी. मग त्या दिशी कसं काय उतरलं? कुनी काय सांगितलं हुतं का त्येंला? समदं तुमच्या कार्डात आसतंय म्हनं. जरा बगा की."

मी आत गेलो. गठ्ठ्यात सुई घातली, हलवली, गळलेल्या कार्डांतून कुंभकर्णाचं काढलं आणि बाहेर येऊन त्यांना वाचून दाखवलं. तारीख त्याच दिवसाची, सकाळची वेळ, खाली माझी सही.

त्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. मग मला परत दिलं.

"म्हंजी चूक त्येंचीच म्हनायची," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.