एक बाग, एक दुकान आणि दोन चिठ्ठ्या

माझा घटस्फोट माझ्या लग्नापेक्षा मजेत झाला. हे मी नातेवाइकांत बोलले की बायका पदर तोंडाला लावतात, पण खरं ते खरं. लग्नात मी तीन दिवस रडत होते. घटस्फोटात इतकी हसले की बरगड्या दुखल्या.

अकरा वर्षांच्या संसारात आम्ही नवराबायकोनं दोनच मोठ्या गोष्टी केल्या. नागपुरात सीताबर्डीवर रेडिओ-पंख्यांचं दुकान आणि हुडकेश्वरला सहा एकरांची संत्र्याची बाग. हुडकेश्वर तेव्हा निव्वळ खेडं होतं, सायकलनं पोहोचेपर्यंत भुवया धुळीनं पांढऱ्या व्हायच्या. दुकान तो बघायचा, बाग मी. कागद दोन्हींचे दोघांच्या नावावर. मूलबाळ नव्हतं, मारझोड नव्हती, तिसरं कुणी मध्ये नव्हतं. आम्ही एकमेकांना कंटाळलो होतो, बस्स. आणि राजीखुशीनं वेगळं होण्याचा कायदा नुकताच आला होता.

वकीलसाहेब दोघांत मिळून एकच, महाल भागातले, नवऱ्याच्या वडिलांचे स्नेही. ते म्हणाले, बाग आणि दुकान किमतीला जवळपास सारखी आहेत. आपण तिघं मिळून दोन्ही जागा पाहू. मग तुम्ही एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर काय पाहिजे ते लिहा आणि खाली सही करा. वेगवेगळं लिहिलं तर ज्याचं त्याला. दोघांनी एकच लिहिलं तर दोन्ही विकायची आणि पैसे निम्मेनिम्मे.

मला बाग हवी होती. बागच! सहाशे झाडं हातभर रोपं असताना मी लावली होती. त्यातलं कुठलं बोडकं, कुठलं उशिरा फळणारं, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. ती विकू देणं मला शक्यच नव्हतं. म्हणजे नवऱ्यानं चिठ्ठीवर ‘बाग’ लिहिता कामा नये, एवढाच प्रश्न होता.

तोडगा मला अंघोळ करताना सुचला आणि मी न्हाणीघरातच टाळी वाजवली. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाची फुलं, घ्यायचा तर संत्र्याला आधी ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, वळतात, गळू लागतात, नवख्या माणसाला बाग मेलीच वाटते. संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की तीच झाडं फुलांनी भरून जातात. बागवाल्याला हे पाठ असतं. माझ्या नवऱ्याचा संत्र्याशी संबंध सोलून फोड तोंडात टाकण्यापुरता. बागेची पाहणी संक्रांतीच्या आधी उरकून घेऊ, असं मी वकीलसाहेबांना अगदी साळसूदपणे सुचवलं.

आधी दुकान पाहिलं. फळ्या रिकाम्या, काउंटरवर बोटभर धूळ, छताला एकच पंखा आणि तोही कुरकुरणारा. “धंदा बसला,” नवरा पडेल चेहऱ्यानं म्हणाला. मला त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही, धडकी भरली. असलं मेलेलं दुकान कोण मागेल? हा आता बागच लिहिणार!

तेव्हा मी ताण आणखी कडक करायचं ठरवलं. आणि नेमके वकीलसाहेब तापानं आडवे झाले. पाहणी एक आठवडा पुढे गेली, मग आणखी एक. संक्रांत होऊन गेली तरी मी पंप सुरू करू देईना. बागेवरचे राखणदार बाबा रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहायचे.

“बाई, लय झालं. आता पाणी नाही देलं त झाडं जातीन हातची.”

एका सकाळी मी एक पान हातात घेतलं आणि त्याचा चुरा झाला. मी बांधावर बसून भोकाड पसरलं. बाग वाचवायला निघालेली बाई बागेलाच मारत होती. मग डोळे पुसले, स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पंप सुरू केला. मागायची त्याला तर मागू दे.

वकीलसाहेब बरे होऊन आले तेव्हा बाग कळ्याफुलांनी पांढरी झाली होती. वास तर असा, की ते स्वतः “वा, वा” करत झाडाझाडांतून फिरू लागले. नवरा माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहरा नुसता उजळला.

“काय बाग आहे वं! अशी बाग त साऱ्या नागपुरात नसन!”

झालं, हा बागच लिहिणार! मी घाईनं म्हटलं, “कसली हो बाग? कीड लागलीय. फुलं सगळी गळून जाणारेत.”

“छे छे, सोनं आहे हे!”

तो जितकं कौतुक करी, तितकी मी किडीत भर घाली. शेवटी वकीलसाहेबांनी वैतागून दोन कागद फाडून हातात दिले. मी ‘बाग’ लिहिलं, सही केली. वकीलसाहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या, चष्मा वर केला आणि वाचलं. माझी बाग. त्याचं दुकान.

“दुकान?” मी किंचाळलेच. “त्या धुळीत काय ठेवलंय?”

नवऱ्यानं कान खाजवला. माल सगळा त्यानं बहिणीच्या घरी हलवला होता. महिनाभर तिच्या घरची मंडळी पंख्यांच्या खोक्यांवर बसून जेवत होती. मी दुकान मागू नये म्हणून! मग मीही माझ्या ताणाची गोष्ट सांगितली. तो मटकन खालीच बसला, मी त्याच्या शेजारी, आणि आम्ही मांड्या थोपटून हसत सुटलो. मी थांबले की तो “बहीण मले शिव्या देऊन राहिली” म्हणायचा, आणि पुन्हा सुरू. राखणदार बाबा लांबून पाहत होते. वकीलसाहेब तर घाबरले.

“मिटवून राहिले का गा तुम्ही? कागद फाडू काय?”

“नाही!” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

वकीलसाहेब पाणी प्यायला विहिरीकडे गेले. आम्ही डोळे पुसत बसलो होतो.

“तुले खरंच वाटलं, मी तुह्या झाडायले हात लावीन?” त्यानं विचारलं.

“हो. आणि तुम्हाला वाटलं, मी तुमचं दुकान मागेन?”

“हो ना वं.”

हसू ओसरलं. त्याच्या दुकानात मी कधी दहा मिनिटं बसले नव्हते, आणि त्याला कधी एक झाड दाखवायला नेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि तरीही आनंद काही केल्या जाईना. त्यानं जवळची एक फांदी खाली ओढली, फुलं बराच वेळ पाहिली.

“ह्याची संत्री कधी येतात वं?”

“नोव्हेंबरात,” मी सांगितलं.

अकरा वर्षांत बागेबद्दल त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि चिठ्ठ्यांवर आमच्या सह्या होऊन गेल्या होत्या.