न बदललेले पाइप

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारपर्यंत तरी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे — ओळखणाऱ्यांचा माझ्या वहीवर फार विश्वास आहे.

वही म्हणजे घरातल्या कामांची यादी. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, गाडीत पेट्रोल कधी भरलं, ॲव्हरेज किती पडलं. झालेल्या कामापुढं बरोबरची खूण. आमच्या घरात वाद मिटतो तो वही उघडूनच. आणि खंडेनवमीला गाडीला हार घालायच्या आधी गाडीच्या पानावर एकही काम उरता कामा नये, हा नियम. कुणी केला? मीच.

आमची गाडी जुनी. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त — आपल्याच भागातल्या उसाचं — आणि गल्लीत कुणाची गाडी अडली की पहिला दोष त्याला. आमचे सर्जेराव मिस्त्री मात्र म्हणाले होते, "वैनी, पेट्रोलला नावं ठिवून काय हुतंय? ॲव्हरेज जरा कमी पडंल, पर गाडी पळंल की. तेवढं जुनं रबरी पाइप बदलून घ्या. ह्यात ते टिकायचं न्हाईत."

मी यादीत लिहिलं. मग सणाची साफसफाई, पाहुणे. गॅरेज पाच मिनिटांवर — गेले नाही. खंडेनवमीच्या सकाळी पान भरलेलं, एकच ओळ रिकामी. आणि मी — कसं सांगू? — खूण करून टाकली. दसरा झाला की जाऊ, म्हणून.

गेले का? नाही. खूण केलेल्या ओळीकडं मी पुन्हा बघतच नाही.

दोन महिन्यांनी पन्हाळ्याच्या चढावर पेट्रोलचा वास आला आणि गाडी बंद पडली. पाइपला चीर. एखादी ठिणगी पडली असती तर? नवऱ्यानं तिथंच माझ्या पिशवीतून वही काढली, खूण बघितली. गाडी ओढून गॅरेजला आणली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना सुनावलं, "काय ओ मिस्त्री, पाइप बदलले म्हणून वहीत आहे आणि आत जुनेच? जीव गेला असता आमचा!"

मी शेजारीच उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं — गाडी मी आणलीच नव्हती.

मिस्त्रींनी पाइप बघितला. मग माझ्याकडं बघितलं. आता बोलतील, असं वाटलं. ते म्हणाले, "वैनींच्या वहीत हाय म्हंजे गाडी आली आसंल. माझ्याच ध्यानात न्हाई. चुकलं माझं."

माझ्या एका खुणेपुढं त्या माणसानं स्वतःची आठवण खोटी ठरवली. आणि मी? मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली, नवे पाइप घालायला.

गल्लीतली दोन-तीन घरं नंतर दुसऱ्या गॅरेजला जायला लागली. पण त्याहून वाईट ते पुढं झालं. मिस्त्रींनी इंजिनाला हात लावणं हळूहळू सोडलं. काम धाकटा भाऊ करायचा. मिस्त्री स्वतः नुसती चाकांत हवा भरायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. "आता इसरायला हुतंय ओ वैनी" — माझ्याच तोंडावर म्हणायचे. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. मान डोलावली.

मंगळवारी गेले. नवऱ्याला सोबत नेलं, त्यालाही तिथंच कळावं म्हणून. गॅरेजात गिऱ्हाइकं होती. ती जायची वाट बघितली नाही. दोष सगळ्यांसमोर दिला होता, मग खरंही सगळ्यांसमोरच — मोठ्यानं, सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. मागितली की समोरच्याला ती द्यावीच लागते.

नवरा खाली बघत उभा. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. राग होता, दिसत होता. तो असायलाच हवा होता.

मग ते भावाकडं वळले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यावरची माणसं थांबली.

"ऐकलंस न्हवं? मी इसरलोच नव्हतो! गाडी आलीच नव्हती!"

शर्टाच्या बाह्या वर सारल्या, भावाच्या हातातला पाना घेतला.

"सरक तिकडं. बघू दे मला."